मागून नेलेला पाय

फार्मसीची पोरं गावात सेवा करायला येणार म्हटलं की पहिला जीव जातो तो डुकराचा. मग कोंबड्यांचा. मग आम्हा बायकांचा. दालोचे कंद उपसा, नारळ खोवा, जमिनीतल्या भट्टीसाठी दगड गोळा करा, चटया झटका. पोरं येणार ती कशाला, तर गोड कमी खा, तेलकट कमी खा, मीठ जपून वापरा हे सांगायला. आता एवढं जिवाभावाचं सांगायला कोणी सुवा शहरातून नदी चढून येत असेल, तर त्याला तळलेले पाव, डब्यातलं खारं मांस आणि तीन चमचे साखरेचा चहा दिल्याशिवाय कसं पाठवायचं? माणुसकी म्हणून काही आहे की नाही?

मी उलामिला. माझा नवरा सेतारेकी गावचा कारभारी. त्यामुळे पाहुणा गावात कोणाकडेही येवो, त्याचा चहा माझ्याच चुलीवर चढतो. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, आणि ती सगळी मी चुलीपुढे काढली असं म्हणालात तरी मी नाही म्हणणार नाही.

गेल्या वर्षी या पोरांत आमची वीनियानाही होती. वीनियाना म्हणजे माझ्या नणंदेची, सालासेइनीची मुलगी. नणंद लग्न होऊन किनाऱ्याकडे गेली, पण मुलीचं आजोळ आमचं. आणि आमच्याकडे आजोळ म्हणजे काय ते सांगायला हवं. बहिणीचं मूल आईच्या गावात वासू असतं. वासूनं एखाद्या वस्तूला हात लावून ‘ही माझी’ म्हटलं की ती त्याची. मामानं नाही म्हणायचं नसतं. नुसतं तोंड पाडलं तरी गावात नाक कापलं जातं.

वीनियाना सहा-सात वर्षांची असताना सुट्टीला आली होती. सेतारेकीनं चर्चच्या मोठ्या जेवणासाठी वर्षभर एक डुक्कर पोसलं होतं. ही पोरगी गेली, डुकराच्या पाठीवर हात ठेवला, म्हणाली, “हे माझं.” झालं. डुक्कर दोरी बांधून होडीत बसलं आणि किनाऱ्याकडे रवाना झालं. पाद्रीबाबांना आम्ही मासे वाढले. मी आठवडाभर धुमसत होते, आणि सेतारेकी गावभर सांगत फिरत होता, “बघितलंत? पोरीनं नेमकं सगळ्यांत चांगलं उचललं! नजर आहे तिला!”

तीच पोरगी आता पांढरा कोट घालून होडीतून उतरली. बरोबर दहा-बारा पोरं आणि त्यांच्या प्रनीता मॅडम. मॅडम बाई चांगल्या. फार शिकलेल्या, फार हसऱ्या, आणि नदीतल्या प्रवासानं फार पांढऱ्या पडलेल्या. या पोरांना परीक्षेशिवाय समाजसेवेचेही तास भरावे लागतात, आणि सेवा करून झाली की आपण माणूस म्हणून किती वाढलो तेही लिहून द्यावं लागतं, असं वीनियानानं मला सांगितलं.

“म्हणजे सेवा आमची की तुमची?” मी विचारलं.

“मामी, तू सुरू नको करूस हं,” ती म्हणाली.

रीतीप्रमाणे पोरांनी यांगोनाच्या मुळांची जुडी वडीलधाऱ्यांपुढे ठेवली. इकडून पोकळ टाळ्या वाजल्या, भेट स्वीकारली, मुळं कुटून केलेल्या पेयाच्या वाट्या फिरल्या. मग वीनियाना उठून मामापुढे आली आणि म्हणाली, “नमस्कार. आपली तब्येत कशी आहे?”

सेतारेकीनं मागे वळून बघितलं. त्याला वाटलं, मागे कोणी मोठं माणूस बसलंय. नंतर मला म्हणाला, “पोरगी रागावलीय का गं माझ्यावर?” मी म्हटलं, “रागावली नाही. शिकलीय.”

दुपारी कार्यक्रम झाला. रोनील नावाचा एक उंच, बोलघेवडा मुलगा होता. त्यानं नाटक बसवलं होतं. एका मुलीला साखर केलं होतं, ती पायाला चावायला यायची. रोनील स्वतः झाला होता गोळी. डोक्यावर कागदी मुकुट, हातात काठी. तो ओरडायचा, “मी शुगरची गोळी! मी पायाची राखणदार! मी असताना कोणाची हिंमत आहे?” आणि साखरेला पळवून लावायचा. म्हाताऱ्या हसून हसून आडव्या झाल्या. पोरांनी त्याला परत परत करायला लावलं. नाटक छानच होतं, खोटं कशाला बोलू?

फार छान झालं, हीच तर पंचाईत.

पोरं गेली, आणि संध्याकाळी सेतारेकीचा चुलतभाऊ इलिसोनी आमच्या ओट्यावर येऊन बसला. इलिसोनीला शुगर नाही. त्याला आळस आहे. पण म्हणाला, “भाऊ, केरेकेरे, ती पायाची राखणदार गोळी आहे ना तुझ्याकडे, थोड्या दे. हल्ली माझेही पाय दुखतात.” आमच्याकडे केरेकेरे म्हणून कोणी हात पुढे केला की असलेली वस्तू नाही म्हणून सांगता येत नाही. तोंडावर नाही म्हणणारा माणूस आमच्या गावात अजून जन्मायचाय. त्यात हा कारभारी. सेतारेकीला शुगर, म्हणून खालच्या दवाखान्यातल्या नर्सबाईनं महिन्याच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यातल्या मूठभर इलिसोनीच्या हातावर गेल्या. दुसऱ्या दिवशी त्याची सासू आली. मग चर्चच्या गायनातल्या दोघी आल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. बघता बघता घरात गोळी औषधालासुद्धा उरली नाही.

मी म्हटलं, “अरे, तुझ्या गोळ्या आहेत त्या! तुझ्या रक्तासाठी दिल्यात!”

“असू दे गं. लोकांना पायाची काळजी वाटायला लागलीय. पोरांनी एवढं सांगितलं त्याचं सार्थक झालं.”

“आणि तुझा पाय?”

“माझा पाय कुठं पळून चाललाय?”

पुढच्या महिन्यात नर्सबाईनं पुन्हा दिल्या, पुन्हा त्याच वाटेनं गेल्या. मग त्याला परत मागायला जायची लाज वाटू लागली.

पाय पळाला नाही, कुजायला लागला. तराफ्यासाठी बांबू तोडताना डाव्या पायात कुसळ गेलं, आणि ते गेलेलं याला कळलंच नाही. मला कळलं ते चटईवरच्या डागामुळे. करंगळीजवळ जखम होती. पाला बांधला, मिठाच्या पाण्यानं धुतली. जखम जरा बरी वाटायची, मग आणखी खोल जायची. करंगळी काळी पडली. मी रोज सांगायचे, शहरात चल, मोठ्या दवाखान्यात दाखवू. तो रोज म्हणायचा, बघू.

त्याच्या ‘बघू’चा अर्थ मला माहीत होता. त्याचा थोरला भाऊ आपोरोसी असाच पायासाठी शहरात गेला होता. दोन पायांनी गेला, एका पायानं आला, आणि वर्षाच्या आत त्याला आम्ही चर्चमागे पुरलं. तेव्हापासून सेतारेकीच्या मनानं घेतलंय की तिथं पाय ठेवून घेतात आणि माणूस परत पाठवतात. आपोरोसी फार उशिरा गेला होता, हे मी त्याला शंभरदा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. माझी झोप उडाली होती. भावाची जखमही करंगळीपासूनच सुरू झाली होती, आणि ते मी विसरू म्हटलं तरी विसरत नव्हते.

अशात निरोप आला, फार्मसीची पोरं पुन्हा येतायत. या वेळी सेवेचा परिणाम मोजायला.

मी म्हटलं, देवच पावला. आता पायाला शहाणी माणसं बघतील. तर सेतारेकी म्हणतो, “खबरदार कोणाला बोललीस तर! मागच्या खेपेला लेकरं एवढं नाटक करून पाय कसा जपायचा ते शिकवून गेली. आणि कारभाऱ्याचाच पाय सडलेला दाखवायचा? त्यांना काय वाटेल? आपली शिकवण वाया गेली असं वाटेल. पाहुण्यांचा अपमान आहे तो.”

असा हा माणूस. पाय गेला तरी चालेल, पाहुणचारात उणं पडता कामा नये.

त्यानं पायाला कापड गुंडाळलं, त्यावर कमरेला गुंडाळलेलं सुलू घोट्यापर्यंत ओढलं आणि स्वागताला मांडी घालून बसला. मी जवळच उग्र वासाची फुलं ठेवली होती, कारण आता वास यायला लागला होता. मॅडम म्हणाल्या, “किती सुंदर फुलं!”

मग रोनीलनं सगळ्यांना विचारलं, “शुगरच्या गोळ्या कोणी कोणी घेतल्या?”

सगळ्या सभेनं हात वर केले. इलिसोनीनं दोन्ही. त्याच्या सासूनं तर उभं राहून सांगितलं, “फार गुण आला बाळा. माझं डोकं दुखायचं थांबलं.” पाहुण्या पोराला नाराज कोण करणार? मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, “शंभर टक्के! एवढा प्रतिसाद मी आजवर पाहिला नव्हता.” फोटो काढले. सेतारेकीला मधे बसवून त्याच्या हातात गोळ्यांचं रिकामं पाकीट दिलं. तो हसला. तो नेहमीच हसतो.

मी वीनियानाला स्वयंपाकघरात ओढून नेलं. तिला भट्टीतले कंद सोलायला बसवलं आणि सगळं सांगितलं. तिच्या हातातला कंद तसाच राहिला.

“कधीपासून?”

“तुम्ही गोळीचं नाटक करून गेलात त्यानंतर दोनेक महिन्यांपासून.”

ती तडक उठली आणि मॅडमकडे गेली. थोड्या वेळानं दोघी सेतारेकीजवळ आल्या. पाय उघडला. मॅडमचं हसणं त्या क्षणी गेलं. त्यांनी वीनियानाला बाजूला घेऊन सांगितलं ते मी ऐकलं. “आज नेलं तर पाय वाचेल. आठवडा गेला तर पायाचं सोडा, माणसाचंही सांगता येत नाही. पण त्यांनी स्वतः ठरवलं पाहिजे. तू बोल. वर्गात शिकवलंय तसं.”

मग माझी भाची आपल्या सख्ख्या मामापुढे बसली आणि वर्गात शिकवल्यासारखं बोलू लागली.

“आपल्या पायाबद्दल आपल्याला स्वतःला काय वाटतं?”

“बरा पाय आहे. जुना आहे.”

“भविष्यात या पायानं काय काय करता यावं असं आपल्याला वाटतं?”

सेतारेकीनं विचार केला. “माझ्याबरोबर पुरला जावा.”

“एक ते दहा आकड्यांत सांगायचं, तर दवाखान्यात यायला आपण किती तयार आहात?”

“दहा,” तो लगेच म्हणाला. पोरीला कमी मार्क कशाला द्यायचे?

“मग आपण येता?”

“नाही.”

वीनियानानं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली, चांगलं चाललंय. वीनियाना आणखी बराच वेळ बोलली. तो प्रत्येक वाक्याला ‘खरं आहे, खरं आहे’ म्हणत होता. शेवटी त्यानं तिचे आभार मानले आणि मला म्हणाला, “लेकराला चहा दे.”

तेवढ्यात होडीवाल्यानं हाक दिली. वर डोंगरात पाऊस होता, नदी चढायच्या आत निघायला हवं होतं. पोरं पिशव्या घेऊन घाटाकडे निघाली. सगळं गाव निरोप द्यायला जमलं. सेतारेकीही लंगडत आला. मी त्याचा पाय चिखलात पडताना बघत होते, आणि माझा तोल सुटला.

“जा!” मी वीनियानाला सगळ्यांदेखत म्हटलं. “जा, लिही जाऊन किती वाढलीस ते! लहान होतीस तेव्हा माझ्या दारातलं डुक्कर ओढून न्यायची धमक होती तुझ्यात. आता कोट घातलास तर मामाला ‘आपण’ म्हणतेस, आणि त्याला मरायला सोडून निघालीस. यापेक्षा ते डुक्कर नेणारी पोरगी बरी होती!”

वीनियानाचं तोंड लाल झालं. तिचा एक पाय होडीत होता.

मग तिनं कोट काढला, रोनीलच्या अंगावर टाकला आणि परत चालत आली. मामासमोर चिखलात गुडघे टेकून बसली. कोणाला काही कळायच्या आत तिनं त्या कापड गुंडाळलेल्या पायावर हात ठेवला.

“मामा, हा माझा,” ती म्हणाली.

“काय?”

“हा पाय. डावा. मी वासू आहे या गावाची. मला हा पाय हवाय. उजवा राहू दे तुला.”

आणि तिनं वस्तू मिळाल्यावर वाजवतात तशा पोकळ टाळ्या वाजवल्या. आता परत घ्यायची सोय उरली नव्हती.

सेतारेकीनं गावाकडे बघितलं, मग म्हाताऱ्यांकडे. सगळ्यात वयस्कर म्हातारा हळूच म्हणाला, “मागितलंय पोरीनं.” सेतारेकीचे ओठ हलले. नाही म्हणायची इच्छा त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती, आणि ते त्याला कसं म्हणतात तेच येत नव्हतं.

“अगं, पाय काय मागतेस?” तो कसाबसा म्हणाला. “दुसरं काही माग. बैल ने.”

“बैल तुलाच ठेव. मी माझी वस्तू इथं सडायला ठेवणार नाही, आत्ता घेऊन चाललेय. ती तुझ्याशिवाय येत नसेल तर तूही चल.”

तो होडीत बसला. मी अंगावरच्या कपड्यांनिशी त्याच्या मागे बसले. वाटेत मॅडम पुन्हा पांढऱ्या पडल्या होत्या, पण मधूनमधून वीनियानाकडे काळजीनं बघत होत्या. पोरीनं सगळा प्रवासभर तो पाय मांडीवर धरला होता. तिचे डोळे वाहत होते, आणि ते पुसायला तिनं पायावरचा हात काढला नाही.

दवाखान्यात त्यांनी करंगळी काढली, तिच्याजवळचं मांसही थोडं कापलं. बाकी पाय वाचला. माणूस वाचला. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला, “किती राहिलाय पोरीचा पाय?”

आम्ही गावी परतलो तेव्हा इलिसोनी ओट्यावर हजरच होता. ख्यालीखुशाली विचारली, नव्या गोळ्यांच्या डब्याकडे बघितलं आणि म्हणाला, “भाऊ, केरेकेरे, थोड्या—”

मी लाटणं शोधत होते. पण सेतारेकी शांतपणे म्हणाला, “माझ्या असत्या तर लगेच दिल्या असत्या रे. या वीनियानाच्या पायाच्या आहेत. दुसऱ्याची वस्तू मी कशी देऊ?”

इलिसोनीनं मान डोलावली. त्यालाही ते पटलं. इतके दिवस नर्सबाई, डॉक्टर आणि मी घसा फोडून सांगत होतो ते कोणाला पटलं नव्हतं.

वर्ष संपलं, निकाल लागला. समाजसेवेचं बक्षीस रोनीलच्या नाटकाला मिळालं, शंभर टक्के परिणामाबद्दल. वीनियाना जेमतेम पास झाली. मॅडमनी तिला प्रेमानं समजावून सांगितलं म्हणे, की हेतू चांगला होता, पण रुग्णावर दडपण आणलं, त्याला स्वतः निर्णय घेऊ दिला नाही. अजून वाढायला वाव आहे. वीनियानानं फोनवर हे सांगितलं तेव्हा मी दोन-चार शब्द बोलले, ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

“मॅडमचं चुकत नाही मामी,” ती म्हणाली. “दुसऱ्या कोणाचा पाय मी असा मागू शकणार नाही. मला खरंच ते शिकायला हवं.” पोरगी शहाणी आहे. माझ्यापेक्षा तरी आहे.

बक्षीस समारंभाला सेतारेकी जायचं म्हणाला. मला वाटलं, कौतुकानं. पण त्यानं पेटीतून देवमाशाचा दात काढला, आमच्या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू, दोन म्हाताऱ्यांना बरोबर घेतलं आणि मला नव्या चटया गुंडाळायला लावल्या. तिथं सभागृहाच्या भिंतीवर मोठ्या कागदावर त्याचाच फोटो लावला होता, हातात रिकामं पाकीट, तोंडभर हसू. त्याच्याकडे त्यानं बघितलंही नाही. सभागृहाबाहेर वीनियाना मैत्रिणींत उभी होती. सेतारेकी काठी बाजूला ठेवून तिच्यापुढे जमिनीवर बसला, तो दात दोन्ही हातांत धरला आणि मान खाली घातली. आमच्याकडे क्षमा मागतात ती अशी. खून झाला तरी अशीच मागतात.

“वासू,” तो म्हणाला, “तू तुझा पाय मागून घेतलास. त्याआधी तो माझ्या ताब्यात होता. मी तो नीट सांभाळला नाही. त्याची करंगळी माझ्या हातून गेली. ती मी तुला परत आणून देऊ शकत नाही. गावाच्या वतीनं हा दात आणलाय. क्षमा कर.”

प्रनीता मॅडम कडेला उभ्या होत्या. त्यांच्या हातात फोन होता, तो त्यांनी हळूच पर्समध्ये ठेवला.

वीनियानानं दात घेतला. रीतीचे शब्द तिला येत होते. तिनं नुसत्याच टाळ्या वाजवल्या. मग खाली बसून त्याच्या पायातली चप्पल काढली आणि तळव्यावरून हात फिरवला. सगळीकडून, बोटांच्या मधूनसुद्धा.

“कोरडा ठेवतोस ना?”

“ठेवतो.”

“रोज बघतोस?”

“उलामिला बघते. मीही बघतो.”

“मग राहू दे तुझ्याकडे,” ती म्हणाली. “मला लागेल तेव्हा येईन.”

परत निघालो तेव्हा सभागृहाच्या पायऱ्या ओल्या होत्या. तीस वर्षं काट्याकुट्यातून अनवाणी धावलेला हा माणूस एकेक पायरी चाचपत उतरत होता. मला घाई झाली होती, होडी चुकली असती. मी म्हटलं, “जरा लवकर चल की.”

“थांब गं,” तो म्हणाला. “माझा असता तर उडी मारली असती.”